फळीखालची नावं

मारोतराव रोज सकाळी रंगमंचावर चालायचे. तब्येतीसाठी नव्हे. तब्येतीसाठी चालायला नागपुरात बागा आहेत, तलाव आहेत, आणि तिथे हात हलवत तरातरा चालणाऱ्या मंडळींबद्दल मारोतरावांचं मत फारसं बरं नव्हतं. ते कामावर म्हणून चालायचे. पाय धुवायचे, पायजमा घोट्याच्या वर दुमडायचा आणि डाव्या विंगेतून अनवाणी निघायचं. एका फळीवर टाच आपटायची, मान किंचित तिरकी करून ऐकायचं, मग पुढची फळी. एखादीपाशी थांबून पुन्हा टाच, पुन्हा कान. पटलं नाही तर तिच्याशी बोलायचंसुद्धा.

"काहून वं, आज काहून कुरकुर करून राहिली?"

हा प्रश्न ते एका सागवानी फळीला विचारत असताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मी तेव्हा नुकताच कॉलेजातून निवृत्त झालो होतो. आयुष्यभर इतिहास शिकवलेला असल्यामुळे घरात माझं कोणी ऐकत नव्हतं, आणि त्याच सुमाराला 'नूपुर रंगमंदिरा'च्या अध्यक्षांनी सुवर्णमहोत्सवासाठी संस्थेचा इतिहास लिहून द्याल का, असं विचारलं. मी आनंदाने हो म्हणालो. पहिल्याच सकाळी वही, पेन आणि दोन चष्मे घेऊन मी थेट मंचावर चढलो आणि म्हणालो, "नमस्कार. मी या रंगमंदिराचा इतिहास..."

"सर," मारोतराव माझ्या तोंडाकडे न पाहता म्हणाले, "आधी पाय, मंग तोंड."

मला कळलं नाही. त्यांनी बोटाने माझ्या चपला दाखवल्या, मग विंगेबाहेरचा नळ दाखवला. मी खाली उतरलो, चपला काढल्या, पाय धुतले, पुसले आणि परत आलो. तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत अदबीने नमस्कार केला. 'आधी पाय, मंग तोंड' हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की अजूनही कोणाच्या घरी गेलो की बोलायच्या आधी माझी नजर स्वतःच्या पायांकडे जाते.

नूपुर रंगमंदिराबद्दल थोडं सांगायला हवं. इतवारीतल्या एका शेठजींनी ते बांधलं. शेठजींना गाण्याचं आणि नाचाचं वेड होतं, पण नुसत्या बोलण्याचा मनस्वी कंटाळा. एका गद्य नाटकाला ते पहिल्या रांगेत बसून घोरले आणि नायिकेने संवाद थांबवून त्यांना उठवलं, असं सांगतात. त्या अपमानाचा सूड म्हणून त्यांनी स्वतःचं रंगमंदिर बांधलं आणि विश्वस्तपत्रात अट घातली की या मंचावर संगीत नाटक होईल, नृत्य होईल, नृत्यनाटिका होईल. बाकी काही होणार नाही. भाषण तर नाहीच नाही. त्यामुळे नूपुरमध्ये उद्घाटन असो की सत्कार, वक्त्यांना आजही मंचाच्या खाली, पहिल्या रांगेसमोर उभं राहून बोलावं लागतं. एका मोठ्या पाहुण्यांनी एकदा पायरीवर पाय ठेवून विचारलं, "मी वर जाऊन चार शब्द बोललो तर काय होईल हो?"

"काही नाही होत, साहेब," मारोतराव म्हणाले. "फक्त गाऊन बोला लागते."

पाहुणे खालीच बोलले, आणि तेही पाच मिनिटांत आटोपलं. नूपुरच्या इतिहासातलं ते सर्वांत लोकप्रिय भाषण असावं.

मारोतराव मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. घरातच हातमाग होता. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायाखालच्या पट्ट्या दाबत राहायचं, यात त्यांचं लहानपण गेलं. "धागा तुटला तं डोळ्याले मागून दिसते, सर," ते सांगायचे, "पायाले आधी कळते." माग बंद पडला तेव्हा ते नागपूरला आले आणि शेठजींनी त्यांना पडदा ओढायला ठेवलं. पडदा संध्याकाळी एकदा वर न्यायचा आणि एकदा खाली आणायचा, मधल्या वेळात काय करायचं म्हणून ते मंचावर चालायला लागले, आणि मग चाळीस-बेचाळीस वर्षं चालतच राहिले.

मंचाची फळी हा त्यांचा देव होता, आणि त्या देवाचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे कूलर. मे महिन्यात नागपुरात काय होतं हे नागपूरकरांना सांगायला नको. प्रेक्षक वहीने, पदराने, लग्नपत्रिकेने वारा घेत बसलेले असायचे आणि मारोतराव पुढचे दोन्ही कूलर बंद करून त्यांच्यासमोर उभे असायचे. कूलरच्या ओल्या हवेने फळी फुगते, असं त्यांचं म्हणणं. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला की ते हात जोडायचे. "नाचणारा घाम गाळून राहिला, पाहणाऱ्यानं थोडा गाळला तं काय बिघडते, बाप्पा?" मग वह्या आणि लग्नपत्रिका पुन्हा हलायला लागायच्या. अलीकडे मुली बूट घालून मंचावर मोबाइलसाठी रील काढायला यायच्या. त्यांच्यावर मात्र ते ओरडायचे नाहीत. नळाकडे बोट दाखवायचे. मुली पाय धुवायच्या, अनवाणी नाचायच्या, आणि जाताना "काका, तुम्ही पण या ना एका रीलमध्ये" म्हणायच्या. आले होते ते एकदा. त्या रीलमध्ये फक्त त्यांची पावलं दिसतात.

माझा इतिहास दोन महिन्यांत लिहून झाला. चाळीस पानं झाली. संस्थापक, विश्वस्त, अध्यक्ष, उपाध्यक्ष, कोणत्या समारंभाला कोण प्रमुख पाहुणे होते, सगळं क्रमवार. मी मोठ्या अभिमानाने ते मारोतरावांना वाचून दाखवलं. त्यांनी पडद्याच्या दोरीला टेकून सगळं शांतपणे ऐकलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "हे सगळे इथं बसले होते. पण सर, यातलं नाचलं कोण?"

मी पानं चाळली. खरोखरच, चाळीस पानांत नाचलेलं कोणीच नव्हतं. मी जरा चिडूनच म्हणालो की जुनी कार्यक्रमपत्रकं वाळवीने खाल्ली, फोटो गेले, मग नाचणाऱ्यांची नावं आणायची कुठून?

"पोटात हायेत ना," मारोतराव म्हणाले, आणि मला मंचाच्या बाजूच्या एका लहानशा दाराकडे घेऊन गेले.

मंचाच्या फळ्यांखाली कमरेएवढी पोकळी आहे, तिला ते पोट म्हणायचे. त्या पोटात इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक रांगत शिरला. धूळ नाकात गेली, डोकं तुळईला आपटलं. मारोतरावांनी मला पाठीवर उताणं झोपायला लावलं आणि वर टॉर्च मारला. मी चष्मा सारखा केला आणि वर पाहिलं.

फळ्यांच्या खालच्या अंगाला नावं लिहिलेली होती. लाल तैलरंगात, जाड ब्रशने, थोडी वाकडी. 'कुसुम, होळीचा नाच.' 'गंगाधर, तराणा.' 'दोघी बहिणी, एकदमच.' 'नाव माहीत नाही, चंद्रपूरची पोरगी, मागच्या रांगेत होती.' कोणाच्या तरी पायाखाली फळी मोडली की मारोतराव नवी फळी बसवायचे, आणि बसवण्याआधी तिच्या पोटावर मोडणाऱ्याचं नाव लिहायचे. तिथी नाही, तारीख नाही. फक्त कोण आणि कशात.

"खुर्चीत बसून फळी मोडत नाही, सर," अंधारातून त्यांचा आवाज आला. "मेहनतीचं काम हाय. एक दिवस कोणीतरी आपला सगळा जीव टाचेत आणते. मंग हिले मोडाच लागते."

नंतर मला कळलं की नागपुरातल्या नाचणाऱ्यांमध्ये हा मोठा मान होता. 'तिची नूपुरमध्ये फळी आहे' असं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे. मला मात्र पन्नास वर्षं या शहरात राहून त्याचा पत्ता नव्हता, कारण मी कायम खुर्चीत बसलेलो होतो.

तिथे पडल्या पडल्या मी नावं उतरवून घेत होतो आणि मंचाच्या बरोबर मधल्या फळीपाशी माझं पेन थांबलं. तिच्यावर एकच शब्द होता. 'मारोती.' नाचाचं नाव नाही, नाटकाचं नाव नाही.

"मारोतराव, तुम्हीसुद्धा नाचलात की काय?"

त्यांनी टॉर्च विझवला. ती मधली फळी सुनंदाताईंची, हे मला ठाऊक होतं. नूपुरमध्ये येणाऱ्या कोणालाही ते ठाऊक असतं. सुनंदाताई तिथे कथकचा वर्ग घेतात. वय साठीपलीकडे, आवाज खणखणीत, उजवा पाय किंचित ओढून चालतात. तरुणपणी एका नृत्यनाटिकेत त्यांना पहिली मोठी भूमिका मिळाली, आणि दुसऱ्याच प्रवेशात चक्कर घेताना फळी कडाडली आणि पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. घोटा असा मोडला की त्या मंचावर पुन्हा नाचल्या नाहीत. "बाकीच्यांनी पायानं फळी मोडली," त्या हसत सांगायच्या, "मी फळीनं पाय मोडून घेतला." रोज वर्ग सुरू करताना त्या त्याच जागी उभ्या राहायच्या आणि विंगेकडे पाहून विचारायच्या, "मारोतराव, माझं नाव आहे ना खाली?"

"हाय ना, ताई," विंगेतून उत्तर यायचं. "लाल रंगात. मोठ्या अक्षरात."

त्यांना त्या पायाने पोटात रांगता येत नव्हतं. त्यामुळे त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं.

"नाचून मोडली असती तं तिचं नाव लिवलं असतं," मारोतराव शेवटी म्हणाले. "ते नाचून नाही मोडली, सर. मी चाललो नाही म्हणून मोडली. त्या दिवशी सकाळच्या एस्टीनं उमरेडले गेलो होतो, पोरगी पाहाले. तिथून सिद्धा पडद्यावर आलो. पोरगी पसंत पडली, फळी राहून गेली."

ती पोरगी म्हणजे त्यांच्या पत्नी, इंदूबाई. मी त्यांच्या हातचा चहा कित्येकदा प्यालो होतो.

"मग ताईंना सांगितलं का नाही?"

"रोज सांगतो म्हणतो. सकाळी एकेका फळीले विचारतो, आज सांगू का? एकही हव म्हणत नाही." मग म्हणाले, "तुमी पण नका सांगू."

मी सांगितलं नाही. नवा इतिहास लिहिला, त्यात फळ्यांखालची सगळी नावं घातली आणि ती एक फळी गाळली. पुस्तिका छापून आल्यावर सुनंदाताईंनी विचारलं, "सर, माझं नाव नाही यादीत?" मी म्हणालो, छापखान्याची चूक. आयुष्यभर मुलांना पुराव्याशी खेळू नका म्हणून बजावलं आणि निवृत्तीनंतर हे असं.

पुस्तिकेचा परिणाम मला वाटला त्याहून जास्त झाला. संस्थेचे अध्यक्ष भैयासाहेब, म्हणजे संस्थापक शेठजींचे नातू, ती वाचून भारावून गेले. माणूस मनाने मोकळा, अंगाने भरभक्कम आणि उत्साहाने त्याहून भरभक्कम. त्यांनी सभा बोलावली आणि जाहीर केलं की या ऐतिहासिक फळ्या आपण सगळ्या उपटून काढायच्या, उलट्या करून काचेच्या चौकटीत बाहेरच्या भिंतीवर लावायच्या, नाव द्यायचं 'नामावली', आणि मंचावर मस्त चकाचक टाइल बसवायची. पुसायला सोपी, कूलरचाही त्रास नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात सुनंदाताईंनी वाजवल्या, आपलं नाव भिंतीवर येणार असं त्यांना वाटत असावं. मग त्यांच्या एकदम लक्षात आलं की टाइलवर नाचायचं कसं, आणि त्यांच्या टाळ्या मध्येच थांबल्या.

मी मारोतरावांकडे पाहिलं. फळी जाणार होती, आणि फळीबरोबर तिचं पोटही उजेडात येणार होतं. आणि हे सगळं मीच ओढवलं होतं, चांगल्या कागदावर छापून.

"भैयासाहेब," मारोतराव उठून म्हणाले, "एक अर्ज हाय. तुमी टाइलचा तुकडा आणला ना दाखवाले? तो अंगणात ठेवा. चपला काढा. त्याच्यावर दहा डाव उडा. मंग मंचावर या आणि फळीवर दहा डाव उडा. मंग तुमी म्हणसान तसं."

"सगळ्यांनी?" खजिनदारांनी घाबरून विचारलं.

"सगळ्यायनं."

त्या दिवशी नूपुरच्या अंगणात जे दृश्य दिसलं ते माझ्या कोणत्याही इतिहासात मावणार नाही. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि दोन सल्लागार, सगळे साठीच्या पुढचे, रांगेने मोजे काढून पाय धूत होते. भैयासाहेब टाइलवर पहिले उडाले. पहिली उडी मोठ्या झोकात मारली. तिसऱ्या उडीला गुडघा धरला. पाचव्या उडीला म्हणाले, "झाल्या ना दहा?" खजिनदारांचे हिशेब नेमके याच बाबतीत चोख निघाले. "पाच," ते म्हणाले. उरलेल्या पाच भैयासाहेबांनी उपाध्यक्षांच्या खांद्याला धरून पुऱ्या केल्या.

मग सगळे मंचावर आले. भैयासाहेब फळीवर उडाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं. फळी दबली, आणि तिने त्यांना हळूच वर ढकललं. दुसरी उडी, तिसरी उडी. गुडघ्याची तक्रार नाही. दहा झाल्या तरी भैयासाहेब थांबेनात. बारा झाल्या, चौदा झाल्या, ते लहान मुलासारखे हसायला लागले, आणि पंधराव्या उडीला कडाड् असा आवाज होऊन फळी मोडली.

पाय सुखरूप आहे असं पाहून भैयासाहेब धापा टाकत मारोतरावांना म्हणाले, "मोडली! मोडली ना? आता माझं नाव लिहायचं."

"नाही, भैयासाहेब," मारोतराव म्हणाले. "तुमी नाचले नाही, उडले. उडल्याचं नाव नाही लागत."

टाइल त्याच संध्याकाळी परत गेली. भैयासाहेबांनी दुसऱ्या आठवड्यापासून सुनंदाताईंच्या वर्गात नाव घातलं, सर्वांत मागच्या रांगेत, शाळकरी मुलींबरोबर. अजून फळी मोडलेली नाही, पण प्रयत्न चालू आहेत.

या प्रकारानंतर दोन वर्षांनी, हिवाळ्यात, मारोतराव आजारी पडले. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते. मला पाहून त्यांनी एक पाय खाली सोडला आणि दवाखान्याच्या फरशीवर हळूच टाच आपटली. मान तिरकी केली.

"काही बोलत नाही," ते म्हणाले. "थंड हाय. इथं कोणी नाचत नसन."

आम्ही दोघे हसलो. हसताना त्यांना खोकला आला. इंदूबाईंनी पाणी दिलं आणि त्या बाहेर गेल्या, तेव्हा ते मला म्हणाले, "सर, ते ताईचं राहून गेलं. तुमी पाहून घ्या."

काय पाहून घ्या, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चार दिवसांनी ते गेले. मला त्या माणसाची सवय किती लागली होती ते त्या सकाळी नूपुरमध्ये गेल्यावर कळलं. मंच रिकामा होता आणि फळ्यांना कोणी काही विचारत नव्हतं. मी पहिल्या रांगेत बसून रडलो. खुर्चीत बसून मला तेवढंच येतं.

तेराव्यानंतर संध्याकाळी शोकसभा झाली. अर्थात मंचाखाली उभं राहून. भैयासाहेब बोलले, मी बोललो. सुनंदाताई शेवटी बोलल्या. "मला भाषण येत नाही," त्या म्हणाल्या. "एकच मागणं आहे. पोटात शिरायला माझा पाय मला देत नाही. मारोतरावांनी माझं नाव कसं लिहिलंय ते मला एकदा पाहायचंय. उद्या सुताराला बोलावून मधली फळी उचलू या. पाहीन आणि परत बसवू." नाही म्हणायचं कोणाला काही कारणच नव्हतं. सकाळी अकरा वाजता सुतार येणार असं ठरलं.

मारोतरावांनी मला पाहून घ्यायला सांगितलं होतं. मी घरी जाऊन बराच विचार केला आणि सकाळी सातला रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन नूपुरच्या पोटात शिरलो. उताणा झालो. तोंडात टॉर्च धरला. 'मारोती' या शब्दाच्या शेजारी, त्यांच्यासारखंच वाकडं अक्षर काढत, मी 'सुनंदा' लिहिलं आणि खाली त्या नृत्यनाटिकेचं नाव घातलं. रंगाचे दोन थेंब माझ्या चष्म्यावर पडले. इतिहासाच्या मूळ साधनात फेरफार करणारा माणूस मला विद्यार्थ्यांमध्ये सापडला असता तर मी त्याला नापास केलं असतं. पण ताईंच्या पायाचं जे झालं त्यात ताईंचं नाव असायला हवं होतं, आणि मारोतरावांना ते लिहवलं नाही. मी लिहिलं. 'पाहून घ्या'चा मला समजलेला अर्थ तो हा.

अकरा वाजता सुताराने स्क्रू काढले, फळी उचलली आणि उलटी करून दोन स्टुलांवर ठेवली. भैयासाहेब, इंदूबाई, वर्गातल्या मुली, सगळे भोवती होते. सुनंदाताई वाकल्या. त्यांनी आधी 'मारोती' या काळपट पडलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मग 'सुनंदा'वरून. मग ते बोट डोळ्यांसमोर धरलं. बोट लाल झालं होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, रंग अजून ओला आहे."

तैलरंग वाळायला दिवस लागतो, हे मला इतिहासाच्या कोणत्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. मी हवेतल्या दमटपणाबद्दल काहीतरी बोलायला लागलो. जानेवारीत नागपुरात दमटपणा! ताई हसल्या. मग सुताराला आणि मुलींना त्यांनी चहाला पाठवलं, आणि इंदूबाईंचा हात धरला.

"ही लग्न होऊन आली ना, त्याच वर्षी हिनं मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "सहज सांगितलं. म्हणाली, तुमचं नाटक होतं त्याच दिवशी सकाळच्या गाडीनं हे मले पाहाले आले होते. मला कळायचं ते कळलं. खाली माझं नाव नसणार, हेही."

मी थक्क झालो. "मग तुम्ही रोज विचारायच्या ते, माझं नाव आहे ना म्हणून?"

"सांगतील म्हणून विचारायचे. एक दिवस तरी 'नाही, ताई' म्हणतील. मी रोज दार उघडून द्यायचे आणि ते रोज 'लाल रंगात' म्हणून लावून घ्यायचे." "पहिली दोन वर्षं फार राग होता, सर. खोटं कशाला बोलू. पण मग पाहिलं, या माणसाची एक सकाळ चुकत नाही. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा येऊन चालला. हळद लागलेली होती. मी काठी घेऊन खाली बसले होते. साऱ्या मंचावर पिवळी पावलं उमटली, आणि या मधल्या फळीवर तीन-तीनदा. माझ्या पाठच्या कितीतरी पोरींचे पाय त्या चालण्यानं वाचले. राग धरायचा तरी किती दिवस?"

"मलेही नाही सांगितलं त्यायनं," इंदूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मले वाटे, फळीचं वेड हाय."

सुतार परत आला. फळी तशीच बसवा, दोन्ही नावं राहू द्या, असं ताईंनी सांगितलं. स्क्रू आवळले गेले. ताई आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि सवयीने त्यांनी विंगेकडे पाहिलं. विंगेत पडद्याची दोरी होती. त्यांनी काही विचारलं नाही.

मला वाटलं, आता मी बोललं पाहिजे. हे का केलं, मारोतरावांनी दवाखान्यात काय सांगितलं, मी त्याचा अर्थ काय लावला. मी चष्मा काढला, पुसला, घसा साफ केला आणि म्हणालो, "ताई, खरं सांगायचं तर..."

"सर," ताई म्हणाल्या, "आधी पाय, मग तोंड."

मी खाली पाहिलं. सकाळच्या गडबडीत मी चपला घालूनच मंचावर चढलो होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि कोणी ओरडलं नव्हतं.

मी खाली उतरलो, चपला काढल्या आणि नळावर पाय धुतले. परत आलो तेव्हा ताई, इंदूबाई आणि भैयासाहेब विंगेच्या बाजूला सरकून उभे होते. मला बोलायचं होतं ते मी विसरून गेलो. डाव्या विंगेतल्या पहिल्या फळीवर मी टाच आपटली आणि मान तिरकी करून ऐकलं. मला काही कळलं नाही. मी दुसऱ्या फळीवर गेलो.